चिखलाचा उतार आणि फोर बाय फोर: चढलो तर खरं, उतरताना हातपाय गळाले

मुशाफिर_मावळता (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, काल थोडक्यात बचावलो. अजून झोप लागत नाहीये, म्हणून लिहून काढतोय.

पानशेतच्या बाजूला मामांचं शेत आहे. डांबरी सोडल्यावर पाऊण किलोमीटर पाणंद, आणि शेवटचा दीडशे मीटरचा तुकडा सरळ अंगावर येणारा चढ. तांबूस चिकणमाती. एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला आठ-दहा फूट खाली भाताचं खाचर. उन्हाळ्यात इथून शेजाऱ्यांची अल्टोसुद्धा वर जाते.

शुक्रवारी रात्रभर पाऊस झाला. सकाळी युरियाची दोन पोती टाकून माझी थार (डिझेल, मॅन्युअल) घेऊन निघालो. चढाच्या तोंडाशी फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाचे गिअर) टाकलं, दुसरा गिअर, आणि गाडी रेल्वेसारखी वर गेली. मामांसमोर कॉलर ताठ!

परत निघताना तोच तुकडा, तोच गिअर. दहा मीटर उतरलो आणि वेग वाढतोय असं वाटलं, म्हणून ब्रेक दाबला. सवयीने क्लचही दाबला. पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) ‘कर्रकर्र’ सुरू झाली, पण गाडी थांबेना. उलट सुटली. स्टिअरिंग फिरवतोय, तोंड वळत नाही, आणि मागचा भाग हळूहळू खाचराच्या बाजूला. पंचवीस-तीस मीटर असाच गेलो. शेवटी पुढचं चाक बांधात रुतलं आणि थांबलो. बंपर गेला, बाकी सगळं शाबूत.

गाडी घेताना विक्रेत्याने ‘फोर बाय फोर आहे साहेब, कुठेही घाला’ असं सांगितलं होतं. मग चुकलं कुठे? फोर-एल (चारही चाकांना जोर, पण एकदम संथ आणि ताकदीचे गिअर) टाकायला हवं होतं का? की सरळ मड टायर घेऊ?

शंकासूर | रविवार, रात्री ११.०५

आधी तुम्ही धडधाकट आहात हे वाचून बरं वाटलं.

आता एक भाबडी शंका. फोर बाय फोर गाडीला ब्रेक आठ असतात का? नाही ना? साध्या अल्टोलाही चार चाकांना चार ब्रेक असतात. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत तुमची थार आणि शेजाऱ्यांची अल्टो सारखीच. उलट थार दुपटीहून जड.

जीपवाले_काका | सोमवार, सकाळी ६.२०

शंकासुराने खवचटपणे का होईना, मुद्द्यालाच हात घातला. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो तो चढायला. म्हणून चिखलात फोर बाय फोर माणसाला फसवतं. टू व्हील ड्राइव्हवाला पायथ्याशीच फिरफिर करून घरी जातो. तुम्ही वर पोचता, आणि मग जिथून उतरता येत नाही अशा जागी असता.

मी सत्तावीस वर्षं सरकारी जीप चालवली, त्यातली बरीच गडचिरोलीत आणि नंतर आंबोलीच्या बाजूला. आम्हाला उस्तादाने शिकवलेली पहिली गोष्ट: चढाच्या पायथ्याशी गाडी बंद कर आणि पायी वर जाऊन ये. तुझा बूट जिथे घसरतो तिथे टायरही घसरणार. वरून खाली बघ आणि स्वतःला विचार, उतरताना सुटलो तर कुठे जाऊन थांबेन? उत्तर ‘बांध’ असेल तर ठीक. ‘खाचर’ असेल तर पोती डोक्यावरून ने.

आता तुझा उतार. उतरताना गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात. अशात ब्रेक मारला की हलकी चाकं आधी सुटतात आणि शेपूट पुढे यायला बघते. तुझं नेमकं तेच झालं. त्यात क्लच दाबलास. म्हणजे इंजिन जे गाडीला धरून होतं, त्याचा हात तूच सोडवलास. शहरात ब्रेक आणि क्लच एकत्र दाबायची सवय लागते, ती इथे जीव घेते.

फोर-एल आणि पहिला गिअर. हा गिअर उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर, गाडी पूर्ण उभी करून टाकायचा. मग दोन्ही पाय पेडलांवरून उचलून जमिनीवर ठेवायचे. मी नव्या पोरांना बूट काढून बसायला लावायचो, म्हणजे पाय आपोआप गप्प राहतात! गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू उतरते. तुझ्या गाडीत मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नाही, त्यामुळे फोर-एलमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधलेले असतात. एकटी मागची चाकं अडकून घसरू शकत नाहीत. इंजिन चौघांना सारखं धरून ठेवतं. ब्रेकला हे जमत नाही.

आणि एवढं करूनही गाडी घसरायला लागली, तर जे करायचं ते मनाला पटत नाही. ॲक्सिलरेटर द्यायचा. अगदी हलका. चाकं गाडीपेक्षा हळू फिरतायत म्हणून ती घसरतायत. चाकांचा वेग गाडीच्या वेगाला गाठू दे, की ती पुन्हा जमीन पकडतात आणि स्टिअरिंग जिवंत होतं. तोंड मात्र उताराच्या सरळ रेषेत. तिरकं उतरायचं नाही.

सडाफटिंग | सोमवार, सकाळी ९.१५

काकांना दंडवत. मी टायरचं बोलतो, कारण धागाकर्त्याचा खिसा वाचवायचाय.

मड टायर जादू नाही. टायरच्या खाचांत चिकणमाती गच्च बसली की कुठलाही टायर गुळगुळीत होतो. मड टायरच्या खाचा रुंद आणि खोल असतात, त्यामुळे चाक जरा वेगात फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. म्हणजे त्याचा खरा फायदा चढताना, चाक फिरत असताना. उतरताना तू पहिल्या लो गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने येणार, तेव्हा चिखल कोण फेकणार? शिवाय पुणे-पानशेत ओल्या डांबरीवर मड टायरचं ब्रेकिंग साध्या टायरपेक्षा वाईट आणि आवाज घिरट्या घालणाऱ्या भुंग्यासारखा. चांगले ऑल टेरेन (डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे टायर) पुरेत.

फुकटचा उपाय म्हणजे हवा कमी करणं. तीस-बत्तीसवरून वीस-बावीसवर आण. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, आणि बाजू लवल्यामुळे खाचाही थोड्या उघडतात. फक्त दोन गोष्टी: वाटेत धारदार दगड असेल तर फुगलेली बाजू फाटते, आणि परत डांबरीवर येण्याआधी हवा भरलीच पाहिजे. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीत टाकून ठेव.

काळ्या_रानातला | सोमवार, सकाळी ११.३०

तुमच्या तांबड्या मातीत निदान खाली मुरूम लागतो. आमच्या काळ्या रानात या एकदा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी लपेटते की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात जात नाही. मग चाक फिरतच नाही, ते गाडीखाली मातीचा गोळा म्हणून सरकत राहतं. इथे हवा कमी करा नाहीतर वाढवा, फोर-एल टाका नाहीतर देव पाण्यात ठेवा.

आमचे वडील एकच सांगायचे: रानाला वाफसा येऊ दे. औत घालायला वाफसा लागतो तसाच गाडी घालायलाही लागतो. मूठभर माती दाबून सोडली आणि बोटांना चिकटून राहिली, तर गाडी रस्त्यावरच लावायची. पाऊस उघडल्यावर कडक उन्हाचे काही दिवस जाऊ द्यायचे.

शंकासूर | सोमवार, दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत आकडेमोड केली. गाडी पावणेदोन टनांची धरली आणि उतार १५ अंशांचा, तर गुरुत्वाकर्षण तिला साधारण साडेचारशे किलोच्या जोराने खाली ओढतं. कोरड्या डांबरीवर टायरच्या पकडीचा गुणांक ०.७-०.८ असतो. ओल्या चिकणमातीवर तो ०.२ ते ०.३ इतका खाली येतो. ज्या उताराचा टॅन्जेंट (उंची भागिले आडवं अंतर) या आकड्यापेक्षा मोठा, त्यावर गाडी नुसती उभीही राहू शकत नाही. म्हणजे ११ ते १७ अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी खेळ खलास. तिथे फोर-एल, एबीएस, काकांचा उस्ताद, सगळे सारखेच हतबल.

गंमत अशी की १५ अंश डोळ्याला काहीच वाटत नाहीत. मोबाइलमध्ये पातळी मोजायचं ॲप असतं. काकांनी सांगितल्याप्रमाणे पायी वर जाल तेव्हा फोन एका सरळ फळीवर ठेवून बघा.

जीपवाले_काका | सोमवार, दुपारी २.००

सहमत. फक्त चिखल सगळीकडे एकसारखा नसतो. कडेचं गवत, मध्ये उघडा पडलेला मुरूम, एखादा पक्का दगड, या जागा चाकाखाली आणत उतरायचं. म्हणूनच पायी बघायचं. गवताचं मात्र जपून. ओलं गवत चिखलापेक्षा घसरडं असू शकतं, आणि श्रावणातल्या जांभ्यावरचं शेवाळ तर साबण परवडला.

घाटमाथ्यावरची | सोमवार, दुपारी ४.४५

मी महाबळेश्वरजवळ राहते. स्ट्रॉबेरीच्या प्लॉटवर पावसाळाभर जिम्नी नेते-आणते. आधी पंधरा वर्षं बाबांची जिप्सी होती. तिच्या पुढच्या चाकांची हब (चाक अ‍ॅक्सलला जोडणारं लॉक) खाली उतरून हाताने फिरवावी लागायची. भर पावसात चिखलात बसून हब फिरवणं इतकं जिवावर यायचं की ‘खरंच जायला हवं का’ हा प्रश्न आपोआप पडायचा. आता लिव्हर ओढला की झालं, त्यामुळे तो प्रश्नच पडत नाही.

मला चाकोरीबद्दल सांगायचंय, कोणीच बोललं नाही. पाणंदीला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात. आपल्याला वाटतं त्या टाळाव्यात, म्हणून एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला असं चालवायला जातो. उतारावर गाडी त्यावरून घसरून धाडकन चाकोरीत पडते आणि तेवढ्या झटक्याने तिरकी होते. चाकोरी पोट घासण्याइतकी खोल नसेल तर मुकाट्याने तिच्यातूनच उतरावं. ती गाडीला रुळासारखी धरते. पण आत असताना स्टिअरिंग कुठे वळलंय ते कळत नाही. चाकं वळलेली असतात तरी गाडी सरळच जात राहते, आणि चाकोरी संपली की फटकन त्या बाजूला उडी मारते. अधूनमधून खिडकीतून डोकावून पुढचं चाक सरळ आहे ना बघायचं.

हिल डिसेंटचं (उतारावर गाडी आपोआप हळू ठेवणारं) बटण असेल तर त्याला काही हरकत नाही, पण तेही शेवटी ब्रेकच मारतं. एकेका चाकाला वेगवेगळा मारतं, म्हणून आपल्या पायापेक्षा हुशार. चिकणमातीवर मी ते लो गिअरच्या जोडीला वापरते, त्याच्याऐवजी नाही. आणि एबीएस सैल मातीत थांबायचं अंतर वाढवतं. अडकलेलं चाक पुढे मातीचा ढीग साठवून थांबायला मदत करतं, एबीएस तो ढीग साठूच देत नाही.

मुशाफिर_मावळता | सोमवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. पाय जमिनीवर ठेवून बसायचं ऐकून बायको म्हणाली, ‘हे तर मी तुला लग्नाआधीपासून सांगतेय.’

एक राहिलं. चढताना अर्ध्यावर अडकलो तर? मामांच्या चढावर एकदा चाकं नुसती फिरली होती, तेव्हा नशिबाने पुढे पकड मिळाली.

जीपवाले_काका | मंगळवार, सकाळी ६.०५

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथेच गाड्या उलटतात.

चढताना गिअर बदलायचा नाही. पायथ्याशी ठरवायचा, बहुधा फोर-एलमध्ये दुसरा. पहिल्यात जोर इतका येतो की चाकं फिरायला लागतात. एकसारखा ॲक्सिलरेटर. पकड सुटतेय वाटलं तर वाढवायचा नाही, किंचित सोडायचा आणि स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडं हलवायचं, टायरच्या कडा नवीन माती शोधतात. तरी पुढे जात नसेल तर हट्ट सोड. चाकं फिरवत राहिलास तर खड्डा खणशील, आणि तोही सरळ नाही.

आता परत यायचं ते उलटं, सरळ रेषेत. उतारावर वळायचा विचारसुद्धा मनात आणायचा नाही. गाडी आडवी झाली की खालच्या चाकांवर सगळा भार, आणि मग एखादा दगडही पुरतो. ब्रेक घट्ट, क्लच, रिव्हर्स, क्लच पूर्ण सोड, मग ब्रेक सावकाश सोड आणि इंजिनाला तुला खाली आणू दे. क्लचवर अर्धा पाय ठेवून किंवा न्यूट्रलमध्ये उलटं आलास तर ब्रेक मारावा लागेल. त्या वेळी वजन मागे असतं, पुढची चाकं हलकी असतात, ती अडकली की नाक फिरतं. मागे बघायला आरशांवर विसंबून राहा, मान वळवून बसलास की हातही नकळत वळतात.

इंजिन बंद पडलं असेल तर ब्रेक सोडू नकोस, आणि पंपही करू नकोस. बंद इंजिनावर ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो, मग पेडल दगड होतं. स्टिअरिंगही जड. जुन्या जीपमध्ये आम्ही रिव्हर्स टाकून, क्लच सोडून, गिअरमध्येच सेल्फ मारायचो. स्टार्टरच गाडी मागे ढकलत इंजिन चालू करायचा. आता बऱ्याच गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. म्हणून ब्रेक दाबून ठेव, क्लच दाबून चालू कर, मग वरचा क्रम. हे सगळं आधी कोरड्या, सौम्य चढावर दहा वेळा करून बघ.

सडाफटिंग | मंगळवार, सकाळी १०.२०

काकांच्या पोस्टला एक जोड. तुझ्या थारला मागचं लॉकिंग डिफरन्शियल आहे का बघ, सगळ्या मॉडेलांना नसतं. असेल तर मागच्या दोन चाकांच्या फेऱ्यांत मोठा फरक पडला की ते आपोआप लॉक होतं. सरळ चढावर वरदान. पण बाजूला कललेल्या वाटेवर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि शेपूट उताराकडे सरकते. लॉक नसेल तर निदान एक चाक न फिरता जमीन धरून राहतं. फोर्स गुरखा गाडीवाल्यांना पुढे-मागे दोन्हीकडे स्वतः लावायचे लॉक असतात, त्यांनी तर आडव्या उतारावर जास्तच जपावं.

ब्रिस्बेनकर | मंगळवार, दुपारी ३.५०

इतकी वर्षं क्वीन्सलंडच्या लाल चिखलात लोळलोय, तेव्हा चालवण्याचं काकांनीच सांगितलं असं समजतो. अडकल्यावर ओढण्याचं बोलतो, कारण माणसं तिथे मरतात.

मागचा टो-बॉल, ज्याला ट्रेलर लावतात, त्याला ओढायचा पट्टा कधीही अडकवू नका. तो गोळा अशा झटक्यासाठी बनवलेला नसतो. इथे ऑस्ट्रेलियात असे गोळे तुटून काचेतून आत आले आणि माणसं दगावली आहेत. चासीला बोल्टने पक्का केलेला हुकच वापरायचा. पट्ट्यावर मधोमध एखादी ओली गोणी किंवा जाड जाकीट टाकायचं, तुटलाच तर जोर कमी होतो. बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करायचं. ताणलेल्या पट्ट्यावरून कोणी ओलांडायचं नाही, लहान पोरांना तर हातच धरून ठेवायचं.

आणि ट्रॅक्टरवाल्याच्या लोखंडी साखळीने झटका देऊन ओढू नका, प्लीज. साखळी ताणत नाही, तुटते. ओढायचंच असेल तर आधी ढील काढून घ्यायची आणि सावकाश, एकसारखं ओढायचं.

खाचरातला_बेडूक | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

दोन दिवस वाचतोय. सगळं ज्ञान छान आहे. आता पाणंदीवर राहणाऱ्याचंही ऐका.

आमच्या गावाकडे शनिवार-रविवार दहा-दहा गाड्यांचे ताफे येतात. मुद्दाम चिखलात येतात. चढावर चाकं फिरवून फिरवून ढोपरभर चाकोऱ्या पाडतात, व्हिडिओ काढतात आणि संध्याकाळी पुण्याला. सोमवारी त्याच वाटेने माझी आई डोक्यावर भाताच्या रोपांची जुडी घेऊन जाते. आजारी माणसाला डांबरीपर्यंत आणायला आम्हाला डोली करावी लागते, कारण जीप चढत नाही. आमच्या वाटेची वाट लावून जातात. एकाने तर वळायला जागा नाही म्हणून लावणी झालेल्या खाचरात गाडी घातली. भरपाई विचारली तर म्हणाला, ‘गवतच आहे ना?’

धागाकर्त्याबद्दल राग नाही, ते मामांना युरिया द्यायला गेले होते. पण ‘चिखलात कसं चालवायचं’ याच्या आधी ‘कोणाच्या चिखलात’ हे विचारा.

घाटमाथ्यावरची | मंगळवार, रात्री ८.००

+१००. आमच्याकडे सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) तेच. कासचं पठार जागतिक वारशात आहे, तिथे परवानगी लागते, पण आजूबाजूच्या सड्यांवर जांभ्यावर जेमतेम चार बोटं माती असते. एकदा चाक फिरलं की खालचा दगड उघडा. ती फुलं पुन्हा यायला किती वर्षं लागतील कोण जाणे.

शंकासूर | मंगळवार, रात्री ८.१०

इथे मला खुसपट काढता येत नाही. नोंद घ्यावी.

मुशाफिर_मावळता | पुढचा रविवार, सायंकाळी ६.३०

आज परत गेलो होतो, म्हणून धागा वर काढतोय.

गाडी पाणंदीच्या तोंडाशी लावून पायी वर गेलो. तिसऱ्या पावलाला आपटलो. मोबाइलवर उतार मोजला: बहुतेक ठिकाणी ९-१० अंश, पण एका ठिकाणी वीसेक मीटर १४. मी सुटलो ते नेमकं तिथेच. मामांना वाफशाचं विचारलं तर ते हसले. म्हणे, ‘हे तुला कंप्युटरवर कळलं व्हय?’

बुधवारपासून उघडीप होती, कडेची माती बोटांना चिकटत नव्हती. हवा बावीसवर आणली, फोर-एल, दुसरा, आणि वर गेलो. उतरताना पहिला गिअर, बूट काढले, मामा पुढे चालत होते. चौदा अंशांच्या तुकड्यावर मागचा भाग एकदा हलला. उजवा पाय ब्रेककडे निघालाच होता, अक्षरशः मांडीवर हात ठेवून थांबवला आणि करंगळीएवढा ॲक्सिलरेटर दिला. गाडी सरळ झाली. मामांना काही कळलंसुद्धा नाही, ते पुढे बिडी ओढत चालले होते.

खाचरातला_बेडूक, तुमचं वाचून मामांशी बोललो. माझ्या घसरगुंडीने बांध फुटला होता, तो आज मी आणि मामेभावाने बांधून काढला. त्या वीस मीटरवर दोन ट्रॉली मुरूम टाकायचा ठरलाय, बंपरच्या आधी. भाव कोणाला माहीत आहे का? वेल्हे-पानशेत बाजूला कोणी टाकून देत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

जीपवाले_काका | पुढचा रविवार, रात्री ९.००

मुरूम आत्ता टाकू नकोस, पावसात वाहून जाईल. दिवाळीनंतर टाक, आणि आधी वरच्या अंगाला पाण्याला चर काढ.